शंभराला पाच पैशांची सवलत आणि तापलेला स्लॅब

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाथर्डी फाट्याजवळ एक जुनं रो-हाउस ५० लाखांना ठरत आलंय, कर्ज ४० लाखांचं लागणार. तेवढ्याच पैशांत जवळच्या ‘ग्रीन’, म्हणजे पर्यावरणपूरक अशा प्रमाणपत्रवाल्या प्रकल्पात टू-बीएचके मिळतोय आणि त्यावर बँक व्याजदरात ०.०५ टक्के सूट देतेय. रो-हाउसचा वरचा मजला उन्हाळ्यात भट्टी होतो, म्हणून मिस्टर फ्लॅटकडे झुकलेत. तर या सवलतीसाठी फ्लॅट घ्यावा का, आणि रो-हाउसच घेतलं तर ते थंड करायला आणि सोलरला कर्ज कसं बसवायचं?

मी नाशकातच एका बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सूट मोजू. ४० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के, हप्ता बसतो ३४,७१३ रुपये. ८.४५ ला ३४,५८६. महिन्याला सव्वाशे रुपये वाचले. वीस वर्षांचे मिळून तीस हजार, तेही तुम्ही वीस वर्षं कर्ज चालवलंत तर. शंभराला पाच पैसे म्हणतात ते हेच. तुमचा सिबिल स्कोअर चांगला असेल आणि दोन बँकांची सँक्शन लेटरं समोरासमोर ठेवून पाव टक्का कमी करून घेतलात, तर महिन्याला ६३० रुपये सुटतात. आणि घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात बाईमाणसाला १ टक्का सवलत आहे, ५० लाखांवर सरळ ५० हजार. मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. ग्रीन सवलतीपेक्षा हा विषय आज रात्रीच्या जेवणावर काढा.

ही सूट बँक का देते, तर बऱ्याचदा मागून तिला स्वस्त पैसा मिळालेला असतो. नॅशनल हाउसिंग बँकेने २०१७ मध्ये फ्रान्सच्या एएफडी या विकाससंस्थेकडून १० कोटी युरोंची कर्जसोय घेतली, ‘सनरेफ हाउसिंग’ नावाने, प्रमाणित ग्रीन घरांना कर्ज देणाऱ्या बँकांना मागून पैसा पुरवायला. हेतू चांगलाच आहे. पण वरून निघालेलं पाणी आपल्या शेताला लागेपर्यंत पाटात जिरतं, तसं त्या सवलतीचं ग्राहकापर्यंत येताना होतं.

बिल्डरलाही प्रमाणपत्राचा फायदा आहे. राज्याच्या २०२० च्या युडीसीपीआर या बांधकाम नियमावलीत ग्रीन मानांकनाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे तेवढं जास्त बांधकाम करायची मुभा मिळते. यात गैर काही नाही. फक्त ब्रोशरवरचं हिरवं पान बघून भुलू नका. प्रमाणपत्र प्री-सर्टिफिकेशनचं आहे की इमारत पूर्ण झाल्यानंतरचं, हे विचारा. पहिलं नकाशावर मिळतं, दुसरं बांधलेल्या भिंतींवर. मग विचारा, ‘आरईटीव्ही किती आहे?’ भिंती आणि खिडक्यांमधून घरात किती उष्णता शिरते त्याचं हे माप. केंद्राच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त त्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट आहे. सेल्सच्या मुलाला हा शब्द माहीत नसेल, हरकत नाही. आर्किटेक्टकडून लेखी मागवा. ‘सर, आपल्याकडे व्हेंटिलेशन एकदम भारी आहे’ एवढंच उत्तर आलं तर काय ते समजून घ्या. फ्रीज घेताना आपण तारे मोजतो आणि ५० लाखांच्या घराला लॉबीतलं झुंबर बघून हो म्हणतो.

आता बँकवाला म्हणून एक कबुली देतो. इतकी वर्षं मी माणसाची ऐपत काढली ती पगारातून चालू हप्ते वजा करून. लाइट बिलाची चौकशी मी एकदाही केली नाही. बिल मागायचो ते पत्त्याच्या पुराव्यासाठी. ज्याचं बिल महिन्याला दीड हजाराने कमी येतं, त्याच्याकडे हप्त्याला दीड हजार जास्त असतात. ८.५ टक्के आणि २० वर्षं धरली तर दीड हजारात पावणेदोन लाखांच्या आसपास मुद्दल बसतं. म्हणजे घर थंड करण्याचा खर्च घरच फेडू शकतं. आमच्या फॉर्ममध्ये मात्र त्याला रकाना नव्हता. घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर यायचा, टेपने खोल्या मोजायचा, लिफ्टचा फोटो काढायचा. गच्चीवर गेलाच तर टाकी बघायला.

आणि यात बँकेचा स्वतःचाही स्वार्थ आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ७१ हजार गृहकर्जं तपासली. एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या मानांकनाच्या घरांमध्ये कर्ज थकण्याचा धोका सरासरी ३२ टक्क्यांनी कमी निघाला. नेदरलँड्समध्ये घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पण उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशनसारखी ऊर्जाबचतीची कामं करायची असतील तर १०६ टक्क्यांपर्यंत. शिवाय २०२४ पासून घराच्या ऊर्जा-लेबलवरही कर्जाची कमाल रक्कम ठरते. जर्मनीत केएफडब्ल्यू ही सरकारी बँक आणखी पुढे जाते. घर दुरुस्त करून ठरलेला दर्जा गाठल्याचा तज्ज्ञाचा दाखला दिला की कर्जातला काही भाग माफ. नेदरलँड्सवाल्यांनी कामाच्या वेळी हातात जास्त रक्कम द्यायची सोय केलीय ती मला जास्त पटते, कारण माणूस अडतो तिथे. भिंत फोडलेली असते, गवंडी दारात असतो आणि खिसा रिकामा असतो. मग ‘पुढच्या वर्षी बघू’. ते पुढचं वर्ष येत नाही.

माझंच सांगतो. म्हसरूळच्या घराला २०१२ मध्ये टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज घेतलं. एलिव्हेशन, किचन ट्रॉल्या, हॉलला पीओपी, सगळं झालं. स्लॅबवर नुसता कोबा केला, गळती थांबावी म्हणून. काही वर्षांनी एका मे महिन्यात रात्री साडेदहाला वरच्या खोलीतला पंखा बघायला स्टुलावर चढलो आणि हात सहज छताला टेकला. नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टाइतकं गरम! गच्चीत जाऊन बघतो तर वारं सुटलेलं आणि आई चादर घेऊन बसलेली. नाशिकची हीच तर गंमत आहे. दिवसा पारा चाळिशीला टेकला तरी रात्र गार होते. घरात झोप लागत नाही ती दिवसभर स्लॅबने पिऊन ठेवलेल्या उन्हामुळे. उघडा काँक्रीटचा स्लॅब प्रत्येक अंशाच्या फरकाला दर चौरस मीटर तीन वॅटच्या पुढे उष्णता आत सोडतो. इको निवास संहितेत छपराला मर्यादा आहे १.२ ची. शेवटी तो कोबा फोडला, स्लॅबवर इन्सुलेशनच्या शीट टाकल्या, वर पुन्हा कोबा आणि पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. एकाच स्लॅबवर दोनदा पैसे गेले. आईने त्यावर एकच विचारलं, ‘पीओपीच्या वेळी सुचलं नव्हतं का?’

म्हणून रो-हाउस नाकारू नका. जागा तुमची, गच्ची तुमची; फ्लॅटला प्रमाणपत्र मिळेल, स्वतःची गच्ची मिळणार नाही. आत्ता करायची कामं दोनच: स्लॅबवरून इन्सुलेशन आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली, म्हणजे छज्जा किंवा जाळी. आतून पडदा लावला तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं. पैसे फारच कमी पडले तर स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. तोही काम करतो, पण आपल्याकडच्या धुळीने मळतो आणि दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो. भिंत नव्याने बांधायची असेल तर एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची बांधा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटाही इथे मिळतात, पण उष्णता अडवण्यात एएसी पुढे.

आता कर्जाची बसवणी. नीट वाचा, चूक इथेच होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्केच मिळतात, आणि मुद्रांक शुल्क-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. ५० लाखांवर ४० लाख, म्हणजे तुम्ही काठावर आहात. कामाला ३ लाख लागणार असतील आणि ते नंतर मागितलेत, तर टॉप-अपचा दर साधारण थोडा चढा असतो आणि पहिले काही हप्ते जाईपर्यंत कोणी विचारतही नाही. त्यापेक्षा अर्ज करतानाच ‘खरेदी अधिक सुधारणा’ असं एकत्र कर्ज मागा. इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक जोडा, त्यात ‘स्लॅब इन्सुलेशन’ ही ओळ स्वतंत्र हवी. ‘इतर किरकोळ’मध्ये गाडू नका. बँकेने ५३ लाख खर्च धरला तर ८० टक्क्यांनी ४२ लाख ४० हजार होतात. कामाच्या तीनपैकी दोन लाख चाळीस हजार गृहकर्जाच्याच दराने आले. ते टप्प्याटप्प्याने सुटतात, फोटो आणि बिलं मागतात. द्यायची.

आधीच्या मालकाने मागे-पुढे परवानगीशिवाय खोली वाढवलेली नाही ना, हे मात्र टोकन देण्याआधी मंजूर नकाशा हातात घेऊन बघा. व्हॅल्युअर ते बांधकाम किमतीत धरत नाही, आणि सगळी फाइलच अडते.

सोलर या कर्जात घालू नका. बरेच जण ‘त्यातच टाका साहेब’ म्हणतात. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. त्याच योजनेखाली सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत तारण न घेता रेपोच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्या जवळपासच्या दराने कर्ज देतात. समजा अनुदान वजा जाता १ लाख २० हजार उरले. ते ७ टक्क्यांनी ५ वर्षांत फेडलेत तर हप्ता २,३७६ आणि एकूण व्याज साडेबावीस हजार. तेच ८.७५ ने वीस वर्षांच्या टॉप-अपमध्ये घातलेत तर हप्ता हजाराच्या आसपास दिसतो, छान वाटतं, पण व्याजच १ लाख ३४ हजार होतं. मुद्दलापेक्षा जास्त! कमी हप्ता बघून लोक इथेच फसतात.

३ किलोवॅटला सावली नसलेली सुमारे ३०० चौरस फूट गच्ची लागते आणि महिन्याला सरासरी ३५० युनिटच्या आसपास वीज येते. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये भरपूर. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढत जातो, म्हणून सोलर आधी तुमची सगळ्यात महाग युनिटं खातं. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. तुम्ही शंभराच्या आतच असाल तर ३ किलोवॅटचा सोस नको, त्या पैशांत जुने पंखे काढून कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावा. जुना पंखा ७५ वॅट खातो, हे तीसच्या आसपास. थंडीत गीझर आणि उन्हाळ्यात एसी असेल तर सोलर घ्याच. अनुदानासाठी पॅनल ‘डीसीआर’, म्हणजे देशात बनवलेलंच लागतं. कोटेशनवर तसं लिहून घ्या.

क्रम चुकवू नका: आधी स्लॅब, मग सोलर. स्टँडचे पाय एकदा बसले की त्याखाली इन्सुलेशन करायला सगळं उचलावं लागतं. पॅनलची सावली स्लॅबवर पडते हा वरचा फायदा.

करसवलतीवर फार बेत करू नका. जुन्या करपद्धतीत स्वतः राहता त्या घराच्या खरेदीच्या कर्जावर २ लाखांपर्यंत व्याज वजा होतं, दुरुस्तीच्या कर्जाला त्यातलीच फक्त ३० हजारांची मर्यादा. नव्या पद्धतीत राहत्या घराला काहीच नाही. बदलत्या दराचं कर्ज मात्र मुदतीआधी फेडायला दंड नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात टाकत जा.

एक राहिलं. रो-हाउसचं वीजजोडणीचं नाव अजून जुन्या मालकाचं असणार. खरेदीखत झालं की पहिल्या आठवड्यात महावितरणकडे नाव बदलायला अर्ज टाका. सूर्यघरचा अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि अनुदान तुमच्या खात्यात यायचं तर बिलावर तुमचंच नाव हवं. अंदाजपत्रक तयार झालं की आकडे इथेच टाका, बघून सांगतो.