पेंटेकोस्टवर 'एक भाऊ जमीन देतोय' म्हणणाऱ्या ताईंसाठी

ताई, सलाम. तुम्ही लिहिलंय की येत्या जूनमध्ये मुलांसह प्रशांत महासागरातल्या व्हानुआतू या द्वीपदेशात, पेंटेकोस्ट बेटाच्या उत्तर भागात सेवेला जाताय. तिथल्या मंडळीतला एक भाऊ घर आणि संडे स्कूलसाठी जमीन फुकट देतोय. आणि पाठवणारं कार्यालय म्हणतंय, नोव्हेंबरच्या आत बांधकाम उरका. प्रश्न मात्र तुम्ही मच्छरदाण्यांचा आणि मुलांच्या पुस्तकांचा विचारलाय. त्याबद्दल बाकीचे सांगतीलच. माझी नजर त्या जमिनीच्या वाक्यावरच अडकली, कारण हेच वाक्य आम्ही आमच्या पहिल्या प्रार्थनापत्रात मोठ्या आनंदाने लिहिलं होतं.

आधी सांगते, मी वकील नाही. व्हानुआतूत 80 च्या वर बेटं आहेत आणि शंभराहून अधिक भाषा; एका बेटाचा रिवाज दुसरीकडे चालेलच असं नाही. पण राज्यघटनेत एक गोष्ट स्पष्ट आहे: देशातली सगळी जमीन तिथल्या पारंपरिक मालकांची आणि त्यांच्या वंशजांची. बाहेरच्या माणसाला मालकी मिळतच नाही, फार तर भाडेपट्टा मिळतो, तोही जास्तीत जास्त 75 वर्षांचा. 1980 च्या स्वातंत्र्याच्या चळवळीत जमीन हा कळीचा मुद्दा होता. ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या काळात एखाद्याच्या अंगठ्यावर हजारो एकर गेले, ते लोक विसरलेले नाहीत. तेव्हा 'भावाने जागा दिली' हे तिथे साधं वाक्य नाही.

आमच्याकडून काय झालं ते सांगते. आम्हाला जागा देणारा भाऊ प्रामाणिक होता, आजही आमच्या जवळचा आहे. त्याने मनापासून दिली. पण उत्तर पेंटेकोस्टवर कूळ आईकडून चालतं आणि जमिनीचा हक्क बराचसा त्याच वाटेने जातो. तो ती जमीन कसत होता, वडीलही कसत होते, पण ती एकट्याने देऊन टाकायचा अधिकार त्याला नव्हता. आम्ही त्याला विचारलं, त्याच्या थोरल्या भावाला विचारलं, पाळकांना विचारलं. सगळे पुरुष.

आणि मला तर हे सांगितलं गेलं होतं! मी दुपारी बायकांबरोबर चटया विणायला बसायची. आम्हाला दिलेल्या जागेकडे हात करून त्या म्हणायच्या, "ग्राऊन या इ ब्लाँग मामा." बिस्लामा, म्हणजे देशभर चालणारी इंग्रजी वळणाची भाषा, मला तेव्हा जेमतेम येत होती. मी ऐकलं 'मामा' आणि समजले, त्या भावाच्या मामांची जमीन असेल. त्याचे मामा तर उपासनेला येतात, हसून बोलतात, म्हणजे प्रश्न मिटला. बिस्लामात मामा म्हणजे आई. त्या मला सांगत होत्या की ही आईच्या कुळाची जमीन आहे. कित्येक आठवडे सांगत होत्या आणि मी मान डोलवत होते.

पाया घातला, सांतो बेटावरच्या लुगनव्हिल शहरातून जहाजाने सिमेंट आणि पत्रे आणले. एका सकाळी पायाजवळ नामेलेचं पान रोवलेलं दिसलं. नामेले म्हणजे सायकॅडचं पान. देशाच्या झेंड्यावर आहे तेच. जमिनीत रोवलेलं असलं की अर्थ एकच: ताबू, थांबा. आम्ही थांबलो. मग कळलं की आमच्यामुळे दोन घरांचं बोलणं बंद झालंय, आणि ती दोन्ही घरं एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घ्यायची. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं. नाकामालमध्ये, म्हणजे गावाच्या सभाघरात, किती बैठका झाल्या! शेवटी समेटासाठी आम्ही लाल चटया आणि एक डुक्कर दिलं. हे सगळं निवळायला नऊ महिने गेले.

आता आम्हाला पाठवणाऱ्या कार्यालयाबद्दल. नाव घेणार नाही. पण त्यांनी दर पत्रात एकच विचारलं: भिंती कधी, छताचा फोटो कधी, देणगीदारांना काय दाखवू? काम थांबवलंय असं कळवल्यावर उत्तर आलं, "भावाने लिहून दिलंय ना, मग पुढे जा." समेटाच्या डुकराचा खर्च नाकारला, कारण पावती नव्हती. तिथे बसलेल्यांपैकी एकानेही त्या बेटावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. अजूनही लिहिताना हात थरथरतो, म्हणून इथेच थांबते.

माझं मत, आणि हे मतच आहे: पहिलं वर्ष काहीही बांधू नका. मंडळीच्या पाहुण्यांच्या घरात, बांबूच्या भिंतीत राहा. मुलं मजेत राहतात. ते वर्ष बिस्लामाला आणि शक्य तितकं तिथल्या भाषेला द्या. बायकांबरोबर बसा, आणि कळलं नाही तर मान हलवू नका, पुन्हा विचारा. बांधायचंच झालं तर 2014 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार मालक कोण हे आधी नाकामालमध्ये ठरतं, आणि भाडेपट्ट्याची बोलणी सुरू करायलाही सरकारी परवाना लागतो. नियम बदलले असतील, राजधानी पोर्ट विलातल्या जमीन खात्यात स्वतः जाऊन खात्री करा. कार्यालयाच्या ईमेलवर विसंबू नका. घाईचं कारण वादळं असतील, तर एप्रिल 2020 मध्ये हॅरोल्ड चक्रीवादळाने पेंटेकोस्टची जी दशा केली ती आठवा. उगाच उभारलेले पत्रे वादळात शस्त्र होतात.

आणखी दोन गोष्टी, विचारल्या नसल्या तरी. मुलांचं साधं खरचटणंही तिथल्या दमट हवेत चिघळतं, रोज साबणाने धुऊन झाकून ठेवा. आणि घरात कुणाला ताप-खोकला असेल तर गावभेटी रद्द करा. 1861 मध्ये व्हानुआतूतल्याच अनेयत्युम बेटावर बाहेरून आलेल्या गोवराने फार मोठ्या संख्येने माणसं गेली. मिशनचं काम तिथे 1848 पासून चालू होतं. आपल्या सेवेच्या इतिहासात हेही आहे.

तुमच्या यजमानांना माझा सलाम सांगा. कार्यालयाला होकार कळवण्याआधी त्या भावाला एवढंच विचारा, तुझी आई कोणत्या कुळाची, आणि त्या कुळातली थोरली बाई कोण. उत्तर आलं की मला कळवा, मग पुढचं बोलू.