कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' असताना पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी एपोबी आणि लायपोप्रोटीन (ए) तपासावे का?

आपण लिहिले आहे की वडिलांचे वय 63 आहे, मधुमेह 15 वर्षांचा आहे, थोडे चालले की पोटऱ्या भरून येतात, एलडीएल (ज्याला 'वाईट' म्हणतात ते) कोलेस्टेरॉल 98 आहे आणि तरीही डॉक्टरांनी एपोबी व लायपोप्रोटीन (ए) या दोन तपासण्या लिहून दिल्या आहेत. हा खर्च खरोखर गरजेचा आहे का, अशी आपली शंका आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यातील एका खासगी पॅथॉलॉजी लॅबच्या बायोकेमिस्ट्री विभागात मी 27 वर्षे काम केले. माझ्या मते दोन्ही तपासण्या कराव्यात, परंतु त्याआधी वडिलांच्या घोट्याचा रक्तदाब मोजून घ्यावा.

चरबी रक्तात विरघळत नाही, त्यामुळे ती प्रथिनांनी बांधलेल्या सूक्ष्म कणांतून फिरते. एलडीएल, व्हीएलडीएल आणि त्यांचे अर्धवट रिकामे झालेले अवशेष, यांतील प्रत्येक यकृतजन्य कणावर एपोबी या प्रथिनाचा नेमका एकच रेणू असतो, म्हणून एपोबी मोजणे म्हणजे जवळजवळ कणच मोजणे होय. मार्केट यार्डात आज अमुक क्विंटल गूळ आला एवढेच कळले, तर ढेपा किती आल्या हे सांगता येत नाही, कारण ढेप 10 किलोची असते तशीच 30 किलोचीही असते. एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा हा असा वजनाचा आकडा आहे. मधुमेहात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार, वाढते, एलडीएलचे कण लहान व घट्ट होतात, आणि तेवढेच कोलेस्टेरॉल अधिक कणांत वाटले जाते. धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात ते हे कण, त्यामुळे 98 या आकड्यावर निर्धास्त राहणे मला योग्य वाटत नाही.

त्यातही अनेक रिपोर्टांवरचे एलडीएल प्रत्यक्ष मोजलेले नसतेच. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढतात. हे सूत्र 1972 सालचे आहे आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की ते निकामी ठरते. अशा रुग्णाची नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली की फिकट पिवळ्या सीरमऐवजी दुधासारखा गढूळ द्रव दिसे, आणि कधी ती रात्रभर फ्रिजमध्ये राहिली तर सकाळी वर चक्क सायीचा थर धरलेला असे. वडिलांच्या रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड किती आहे, ते आपण लिहिलेले नाही. ते अवश्य पाहावे.

पायांच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा दिसतो. अमेरिकेतील सुमारे 28 हजार स्त्रियांचा सरासरी 15 वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पायाच्या धमन्यांच्या आजाराशी एलडीएल कोलेस्टेरॉलचा संबंध आढळला नाही, पण एलडीएल कणांच्या संख्येचा, विशेषतः लहान कणांचा, आढळला. अर्थात तंबाखू आणि मधुमेह हे या आजाराचे सर्वांत मोठे साथीदार आहेत, आणि वडील सिगारेट ओढत असतील तर कोणत्याही तपासणीपेक्षा ती सोडणे अधिक उपयोगी पडेल.

लायपोप्रोटीन (ए), ज्याला लॅबमध्ये आम्ही 'एलपी लिटल ए' म्हणत असू, हा एलडीएलसारखाच कण असून त्याला आणखी एक प्रथिन जोडलेले असते. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी तो 1963 मध्ये शोधला. त्याचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते, पथ्याने ते फारसे हलत नाही, त्यामुळे ही तपासणी सहसा आयुष्यात एकदा पुरते. दर सहा महिन्यांच्या पॅकेजमध्ये ती घालणे मला व्यर्थ वाटते. डेसिलिटरला 50 मिलिग्रॅम किंवा लिटरला 125 नॅनोमोलच्या वरचा आकडा जास्त समजतात. ही दोन वेगळी एकके आहेत आणि कणाचा आकार माणसागणिक बदलत असल्याने एकाचे दुसऱ्यात अचूक रूपांतर होत नाही, तेव्हा एकक पाहूनच आकडा वाचावा. आकडा जास्त निघाला तर आपणही स्वतःची तपासणी करून घ्यावी.

मात्र रक्त केवळ धोका सांगते. धमनी आत्ता अरुंद झाली आहे का, हे घोट्याचा दाब सांगतो. माझे थोरले बंधू पर्वतीच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर थांबत, पोटरी दाबून दोन मिनिटे नुसते उभे राहिले की पुन्हा चढत. एका दवाखान्यात कंबरेचा मणका म्हणून वर्षभर औषध चालले. मणक्याचे दुखणे बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर निवते, हे उभ्यानेच निवत होते, आणि ही खूण आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. शेवटी त्यांना आडवे निजवून डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, दाब घेतला तेव्हा दंडाचा 140 आणि घोट्याचा 98 भरला, म्हणजे गुणोत्तर 0.70. ते 0.90 च्या आत असले की आजार आहे असे धरतात. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन हे गुणोत्तर फसवे, कधी 1.4 च्याही वर येते. तसे झाल्यास पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगावे.

आजाराचे निदान नक्की झाले तर एपोबी डेसिलिटरला 65 मिलिग्रॅमच्या खाली आणण्याचे लक्ष्य युरोपातील 2019 च्या मार्गदर्शक सूचना देतात, आणि त्यासाठी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध लागेलच; डोस डॉक्टरांनी ठरवावा. बंधूंना गोळ्यांबरोबर आठवड्यातून तीनदा दुखेपर्यंत चालण्याचा, थांबण्याचा आणि पुन्हा चालण्याचा व्यायाम दिला होता, व तीन महिन्यांनी त्यांचे अंतर स्पष्टपणे वाढले. वडिलांच्या पावलावर न भरणारी जखम असेल, किंवा रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप लागत नसेल, तर रिपोर्टाची वाट न पाहता त्याच दिवशी व्हॅस्क्युलर सर्जनकडे न्यावे.