कॉलेजच्या शूटिंग-एडिटिंग असाइनमेंटमधून खरंच व्हिडिओ शिकता येतं का, की वेगळा क्लास लावू?

क्लासचे पैसे ठेव बाजूला, आधी असाइनमेंटच नीट कर. आम्हाला पहिली दिली होती दोन मिनिटांची, तर्री पोह्याच्या ठेल्यावर. सकाळी सकाळी गेलो, वाफ, तर्री, वरून चणे, सगळं मस्त शूट केलं आणि घरी येऊन एडिटला बसलो तर काका बोलून राहिले अन् ऐकू येऊन राहिले फक्त ऑटोचे हॉर्न, कारण माइक मोबाईलचाच आणि मी उभा सहा फूट लांब! तेव्हापासून कॉलर माइक आधी, कॅमेरा नंतर. अजून एक, प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद धरून ठेव आणि निघताना तिथला नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड कर, कट जोडताना तोच वाचवतो. ट्यूबलाइटखाली पट्ट्या फिरताना दिसल्या तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० सेकंद कर, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते ना. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हचं फुकटवालं व्हर्जन भरपूर झालं, फक्त लॅपटॉप जरा दमदार लागतो. आणि स्वतःचं फुटेज स्वतःच एडिट कर, मित्राला देऊ नको, कुठला शॉट घ्यायचा राहिला ते टाइमलाइनवर बसल्यावरच कळतं बे.