सांगलीतलं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन साताऱ्याहून येऊन बघण्यासारखं असतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, रेल्वेचं वेड आहे, सांगलीत मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन भरतंय, आणि साताऱ्याहून मुद्दाम येण्यासारखं तिथे काही असतं की "नुसत्या खेळण्यातल्या गाड्या गोल गोल फिरतात"?

या. बिनधास्त या. पण ते "गोल गोल" मला लागलं, म्हणून आता जरा लांबण लागणार आहे.

मी मिरजेचा. काही वर्षांपूर्वी सांगलीत एका मंगल कार्यालयात असंच दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून एक टेबल घेतलं होतं. आठ बाय चारचं प्लायवूड, अर्धं त्याचं, अर्धं माझं. त्याच्या अर्ध्यात जर्मन इलेक्ट्रिक इंजिन, लाल डबे, पीओपीचे बर्फाळ डोंगर आणि प्लास्टिकची सूचिपर्णी झाडं. माझ्या अर्ध्यात बार्शी लाईट, म्हणजे आमच्या मिरज-पंढरपूर-बार्शीकडची जुनी अरुंद रुळांची रेल्वे.

तो तेव्हापासूनच म्हणत होता, "लोक घाट, बर्फ आणि वेग बघायला येतात. पंढरपूरच्या लाईनवर तू दाखवणार काय, बाभळी?" मी म्हटलं, हो, बाभळी. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून, हिरवी रंगवून चाळीस बाभळी केल्या होत्या मी. खाली आमच्या शेतातली काळी माती, मैद्याच्या चाळणीतून चाळून फेविकॉलवर टाकलेली. चाळणीवरून घरात काय झालं ते इथे नको.

बार्शी लाईटच का, याला भावनेपलीकडे एक कारण आहे आणि ते कुणी ऐकूनच घेत नाही. सगळे वापरतात ते एचओ स्केल, म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे अंतर युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला, म्हणजे रुळांमधल्या खऱ्या अंतराला, बरोबर बसतं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. तिला ८७ने भागा, १९.३ येतात. म्हणजे आपल्याकडे जो कुणी एचओच्या तयार रुळावर राजधानी पळवतो, त्याची गाडी जवळजवळ तीन मिलिमीटरने खोटी असते. धडधाकट माणसाने लहान भावाची चप्पल घालावी तशी दिसते ती, एकदा डोळ्यात भरलं की मग दुसरं काही दिसतच नाही. आता बार्शी लाईट घ्या. अडीच फुटी गेज, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, आले ८.७६. आणि एन स्केलचा, म्हणजे एचओपेक्षा लहान मॉडेलांचा, तयार रूळ बाजारात मिळतो तो नऊ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचा! एन स्केलचं जपानी इंजिन घ्यायचं, वरचं कवच काढून ठेवायचं, सनबोर्ड आणि पुठ्ठ्याचं आपलं बसवायचं. झाली गाडी.

आणि ही गाडी काही ऐरीगैरी नव्हती. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती काढली, १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. डबा असो की इंजिन, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. त्यामुळे हलक्या रुळावरूनही बऱ्यापैकी माल जायचा. १९२७ला ती मिरजेपर्यंत आली. एका काळी आमच्या मिरज जंक्शनात मीटर, नॅरो आणि ब्रॉड अशी तिन्ही गेज होती. माझे वडील लहानपणी आषाढीला याच गाडीने पंढरपूरला जायचे. डब्यात जागा नसली की टपावर.

तर प्रदर्शन. शनिवारी सकाळी दोन्ही गाड्या सुरू. त्याची एक्सप्रेस सुसाट. मी घड्याळ लावून मोजलं, सेकंदाला एक मीटर. १:८७च्या हिशोबात ताशी तीनशे किलोमीटरच्या वर गेली ती! मी त्याला सांगितलं, शंभरच्या वेगाला सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर पुरतात, कमी कर. तो म्हणाला, "पोरं टाळ्या वाजवतायत, तू गणितं कर." माझी गाडी मी ताशी तीसच्या हिशोबाने सोडली होती, सेकंदाला जेमतेम दहा सेंटिमीटर. इतक्या हळू चालणाऱ्या हलक्या इंजिनाला रूळ आरशासारखा लागतो, कारण वीज रुळातूनच चाकात चढते. जरा मळ आला की इंजिन थबकतं. जड आणि जोरात पळणारं इंजिन त्याच मळावरून निघून जातं. म्हणून हळू चालणारी गाडी दाखवणं जास्त अवघड.

अकराच्या सुमाराला एका पोराने माझ्या उघड्या वॅगनमध्ये मूठभर भडंग भरलं. प्रेमाने भरलं होतं, गाडीला माल पाहिजे म्हणून. भडंगाचं तेल, लसूण, तिखट सगळं रुळावर. पुढच्या फेरीला गाडी बंद. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी बनियन घेऊन रूळ पुसतोय, शेजारी जर्मनी तीनशेने धावतंय, आणि मित्र माइकवर सांगतोय, "बार्शी लाईट तांत्रिक कारणामुळे उशिराने." हशा पिकला. त्या दिवसात गाडी सात वेळा बंद पडली.

चौथ्यांदा बंद पडली तेव्हा एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. गाडीकडे बघून म्हणाले, "बंद पडली व्हय? मग खरीच हाय." रेल्वेत गँगमन होते, नॅरो गेजवर. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "स्लीपर लय दाट बसवल्यात तुम्ही."

मी गारच पडलो. कारण ते खरं होतं. एन स्केलचा रूळ मोठ्या गाड्या छोट्या करून दाखवायला बनवलेला असतो, त्यामुळे गेज जमलं तरी स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ओंडके, बारके आणि जवळजवळ येतात. ते मला माहीत होतं. खडी आणि माती टाकून लपवलंही होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणून. ज्याने आयुष्यभर ते स्लीपर खांद्यावर वाहिले त्याच्या लक्षात आलंच. मागे मित्र खो खो हसत होता. त्याच्यासमोर मी वर्षभर पाव मिलिमीटरची फुशारकी मारली होती ना.

पण म्हातारबाबा अडीच तास तिथून हलले नाहीत. माझी खुर्ची त्यांना दिली. मिरजेत एका गेजच्या डब्यातला माल हमाल पाठीवरून दुसऱ्या गेजच्या डब्यात कसे न्यायचे, वारीच्या दिवसांत लाईनवर कसा पहारा असायचा, सगळं सांगितलं. एका मुलीने विचारलं, "इतकी छान होती तर बंद का केली?" मी काहीतरी गोलमाल बोलणार होतो, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "पोरी, २०१६ला लातूरला पाणी गेलं न्हवं मिरजंतनं? पन्नास डबं, पंचवीस लाख लिटर. ते मोठ्या लाईनीवरनं गेलं. ह्या गाडीनं नेलं असतं तर लातूर वाळून गेलं असतं." बार्शी लाईटचा पक्ष मी घेत होतो आणि बार्शी लाईटचा माणूस ब्रॉडगेजचा पक्ष घेत होता.

रविवारी रात्री सामान आवरताना मित्राचं-माझं वाजलं. तो म्हणाला, तुझ्या बाजूला दिवसभरात पंधरा माणसं, माझ्या बाजूला रांग. मी म्हटलं, तुझ्या रांगेतलं एक माणूस पाच मिनिटांच्या वर थांबलं का? शब्दाने शब्द वाढला. शेवटी प्लायवूड मधोमध कापून घेतलं.

आता तुमचा प्रश्न. गाड्या गोल फिरतात त्याला कारण आहे. साध्या डीसी पद्धतीत एक रूळ धन, दुसरा ऋण. गाडी फासासारख्या वळणातून फिरवून त्याच रुळावर उलट आणायची म्हटलं की डावा रूळ फिरून उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. तेवढा तुकडा वेगळा काढून त्याची जोडणी उलटवण्याची सोय करावी लागते. मुलाला घरी पायजम्याच्या नाडीचे दोन पदर घेऊन हा फास करून दाखवा, कुठलं टोक कुठे भिडतं ते त्यालाच शोधू द्या. मग प्रदर्शनात गेल्यावर प्रत्येक टेबलावर तो तेच बघत बसेल.

टेबलामागच्या माणसाला किंमत विचारू नका, सगळे विचारतात. काय बिघडलं होतं ते विचारा. आणि आल्प्सच्या डोंगराजवळ जास्त वेळ घालवू नका. आपल्याकडची गाडी ज्याने केली असेल त्याच्यापाशी थांबा, ती बंद पडलेली असली तरी. बंद पडली असेल तर नक्कीच.

गाडीने या, मोटारीने नको. माहुलीच्या स्टेशनापर्यंत रिक्षाचे पैसे जातील ते जाऊ देत. रविवारी संध्याकाळी मात्र अजिबात येऊ नका, लहान मुलाला माणसांच्या कमरेशिवाय काही दिसत नाही. टेबलं उंच असतात, घडीचा स्टूल आणा. तिथेच भुलून महागडा सेट विकत घेऊ नका. आणि नुसता झगमगाट, दिवे, सिग्नल असं हवं असेल तर खरं सांगायचं म्हणजे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे, ते बघा. तिथे गाड्या बंद पडताना मी पाहिल्या नाहीत.

आणखी एक. नंतर घरी इंजिन उघडलं तेव्हा गिअरमध्ये भडंग नव्हतं. काळी माती होती. माझीच, चाळलेली. हे मी मित्राला अजून सांगितलेलं नाही. तो साताऱ्याचाच आहे, तुमच्या गावचा, आणि अशा प्रदर्शनाला न चुकता येतो. बर्फाचे डोंगर दिसले की समजा तोच. त्याला मातीचं सांगू नका, फक्त एवढं सांगा की त्याचा दुसरा कंट्रोलर, गाडीचा वेग कमीजास्त करायचा, अजून माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा.