शब्दकोडं पूर्ण सुटतं, पण त्यात लपवलेलं शेवटचं उत्तर सापडत नाही. ते कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की आडवे-उभे सगळे शब्द भरून होतात, एकही क्लू अडत नाही, पण खाली ‘या कोड्यात आणखी एक उत्तर लपलं आहे, ते ओळखा’ असं असलं की तासभर चौकटीकडे बघत बसता आणि हाती काहीच लागत नाही. माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली. चौकटीकडे नुसतं बघून ती बोलत नाही. बोलतं करायचं असतं ते कोडं रचणाऱ्याला. त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: बाबा रे, इथे तू हाच शब्द का घेतलास?

साध्या शब्दकोड्यात रचणाऱ्याला मोकळीक असते. एखादा शब्द बसला नाही तर दुसरा घ्यायचा. उत्तर लपवायचं असलं की ही मोकळीक जाते, काही शब्द त्याला घ्यावेच लागतात, मग ते कितीही आडमुठे असोत. तिथे शिवण थोडी उसवलेली दिसते. एखादं अनोळखी रूप, जरा ओढूनताणून लिहिलेला क्लू, सोपा पर्याय असताना घेतलेला अवघड शब्द. कोडं सोडवताना ‘हे काय विचित्र’ असं जिथे जिथे मनात येतं तिथे पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा. शेवटी त्या खुणाच कामाला येतात.

एक उदाहरण देते. मीच रचलेलं छोटं कोडं आहे, सात बाय सातचं, आणि माझ्या बहिणीला सोडवायला दिलं होतं. शीर्षक होतं ‘अंगात आलंय!’. खाली लिहिलं होतं, ‘लपलेलं उत्तर चार अक्षरी, अर्थ: संधी.’ आडव्या शब्दांत तीन अक्षरी शब्द मोजून चार होते, बाकीचे सगळे दोन नाहीतर चार अक्षरी. वरून खाली ते चार शब्द असे: अपाय, मानव, सगळा, केसर.

बहिणीने दहा मिनिटांत कोडं भरलं आणि शेवटच्या शब्दाच्या जागी केशर लिहिलं. क्लू ‘फुलातला तंतू’ असा होता, आणि केशर म्हणजे फुलातले वाळवलेले तंतूच की. मी म्हटलं, मधल्या घरातून खाली जाणारा उभा शब्द बघ. क्लू होता ‘मैत्रीण’, उत्तर सई. तिच्या चौकटीत ते ‘शई’ झालं होतं. आडवा शब्द भरला म्हणून तिने उभा तपासलाच नव्हता. ही सवय मोडा. लपलेल्या उत्तराच्या कोड्यात एक घर चुकलं तर पुढचा सगळा डोलारा कोसळतो, आणि दोष आपण आपल्या बुद्धीला देत बसतो.

तर तिने श खोडून स केला आणि चिडून म्हणाली, “अगं, केशराला केसर कुणी म्हणतं का?”

“मग मी का म्हटलं असेल?”

ती गप्प झाली. मग तिचं लक्ष ‘सगळा’कडे गेलं. क्लू होता ‘एकूण एक, पूर्ण’. तिने आधी सकल लिहून खोडलं होतं, मग समस्त. सबंध आणि समग्र हेही तीन अक्षरी आणि स पासूनच सुरू होणारे. इतके सरळ शब्द हाताशी असताना मी ‘सगळा’ हे पुल्लिंगी एकवचनी रूप का घ्यावं? कोशातल्यासारखं द्यायचं तर कुणीही सकल देईल. म्हणजे मला ‘गळा’ हवा होता. आणि केशर सोडून केसर घेतलं ते ‘केस’साठी.

आता शीर्षक पुन्हा वाचा. अंगात आलंय. गळा, केस, आणि त्याच नजरेने वरच्या दोन शब्दांकडे बघितलं की अपायमधला पाय आणि मानवमधली मान. चारही शब्दांच्या पोटात शरीराचा एकेक भाग.

इथे बहुतेक लोक थांबतात. बहीणही थांबली. “उत्तर शरीर!” म्हणाली. शरीर तीन अक्षरी आहे आणि त्याचा संधीशी काही संबंध नाही, पण काहीतरी सापडल्याच्या आनंदात माणूस खालची ओळ वाचायला विसरतो. समान धागा सापडणं म्हणजे अर्धा रस्ता. उरलेला अर्धा म्हणजे त्या धाग्याचं काय करायचं ते. चार शब्द आहेत, चार अक्षरी उत्तर हवंय, म्हणजे प्रत्येक शब्दाने एकेक अक्षर द्यायला हवं. पाय काढला की अ उरतो. मान काढली की व. गळा काढला की स. केस काढले की र.

अवसर. म्हणजे संधी. आणि देव किंवा भूत अंगात येतं त्यालाही जुन्या मराठीत अवसरच म्हणतात, म्हणजे शीर्षकही दुसऱ्यांदा लागू पडलं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. बरोबर उत्तर आलं की काहीच उरत नाही. शीर्षक, शब्दांची संख्या, त्यांचा क्रम, तो विचित्र केसर, सगळ्यांचा खुलासा एकदम होतो. चुकीच्या उत्तराला मात्र टेकू द्यावे लागतात. बहिणीने मध्येच चारही शब्दांची मधली अक्षरं लिहून बघितली होती: पा, न, ग, स. पहिल्या दोनांचं ‘पान’ झालं म्हणून ती खूश, आणि मग दहा मिनिटं ‘गस’ला अर्थ लावायची खटपट. असं अर्धवट जुळणारं काहीतरी प्रत्येक कोड्यात निघतंच. अक्षरं इतकी असतात की योगायोगाने कुठेतरी पान उगवणारच. ‘थोडं जुळतंय’ असं वाटलं तर सोडून द्या.

मराठीत ही कोडी इंग्रजीपेक्षा वेगळी वागतात, ते लक्षात घ्या. इंग्रजीत एका घरात एक वर्ण. आपल्याकडे एका घरात मात्रेसकट, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर. त्यामुळे अक्षरं उलटसुलट करून नवा शब्द बनवायची चैन आपल्याला फारशी परवडत नाही, पण शब्दाच्या पोटात शब्द लपवायला मराठी फार सोयीची. फक्त मात्रा काटेकोर लागते: मंदिरात दीर लपत नाही, कारण तिथला दि ऱ्हस्व आहे. (घाईघाईत रचलेल्या कोड्यांत ही लबाडी सर्रास दिसते. मी असं कोडं सरळ बाजूला ठेवते.) उलटं वाचायची गंमतही अक्षरागणिक होते. नदी उलटी वाहिली की दीन होते, हवा उलटी फिरली की वाह. शीर्षकात परत, माघारी, उलटा, आरसा असलं काही दिसलं तर सगळ्यात आधी शब्द उजवीकडून वाचून बघा.

खरं तर फोड बदलून उत्तर काढायची ही खोड आपल्याकडे जुनीच आहे. संस्कृतात अंतर्लापिका नावाचा प्रकार आहे, प्रश्नाच्याच शब्दांत उत्तर दडवलेला. ‘कं संजघान कृष्णः’ म्हणजे कृष्णाने कुणाला मारलं? तीच अक्षरं ‘कंसं जघान कृष्णः’ अशी तोडा: कंसाला मारलं. ‘का शीतलवाहिनी गंगा’, थंड पाण्याची गंगा कोणती? ‘काशीतलवाहिनी गंगा’, काशीच्या भूमीवरून वाहणारी. एकही अक्षर बदललेलं नाही, फक्त श्वास घेण्याची जागा बदलली. चौकटीतल्या शब्दांना हाच उपाय करायचा. म्हणून चौकटीत बघत बसण्याऐवजी संशयित शब्द वेगळ्या कागदावर एकाखाली एक, अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून लिहून काढा. चौकटीत डोळ्याला शब्द दिसतो. कागदावर सुटी अक्षरं दिसायला लागतात.

संशयित शब्द कुठले हे कळण्याची वाट बहुधा लांबीतून जाते. मोठ्या कोड्यात सगळ्यात लांब तीन, चार, पाच शब्द हे लपलेल्या उत्तराचे मानकरी असतात. माझ्या चिमुकल्या कोड्यात तसं नव्हतं, तिथे तीन अक्षरी शब्द मोजून चारच होते म्हणून वेगळे पडले. पण कधीकधी शब्दांत काहीच नसतं, सगळी भानगड क्लूंमध्ये असते. सर्व क्लूंची पहिली अक्षरं ओळीने वाचून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एखादा क्लू उगाचच लांबलचक असेल, किंवा दोन क्लूंमध्ये तोच शब्द पुन्हा आला असेल, तर तिथे थांबा. काळ्या घरांची नक्षी लांबून बघा. क्लूंचे क्रमांक कधी चालतात, पण मी ते शेवटी ठेवते, कारण आकड्यांतून हवं ते काढता येतं आणि त्या वाटेने गेलेला माणूस लवकर परत येत नाही.

शीर्षकाबद्दल आणखी एक. वाक्प्रचार असेल तर त्याचा शब्दशः अर्थ घ्या. अंगात येणं म्हणजे अंग आत येणं. ‘पाणी सोडलं’ असेल तर एखाद्या शब्दातून जल किंवा नीर वगळायचं असेल. ‘डोक्यावर घेतलं’ असेल तर पहिलं अक्षर. मोठ्याने वाचलं तर हे चटकन कळतं. मनात वाचताना आपण वाक्प्रचार अख्खा गिळतो.

इंग्रजीत या प्रकाराला मेटा म्हणतात. मॅट गॅफनी २००८ पासून दर आठवड्याला असं एक कोडं रचतो, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सोपं आणि पुढे चढत्या क्रमाने कठीण, आणि वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये शुक्रवारी याच जातीचं कोडं येतं. इंग्रजी चालत असेल तर हात बसायला उत्तम. ब्रिटिश कोड्यांत सोडवणाऱ्याला न सांगताच चौकटीत काहीतरी लपवून ठेवायची पद्धत आहे, त्याला नीना म्हणतात. अल हर्शफेल्ड या अमेरिकन व्यंगचित्रकाराला १९४५ मध्ये मुलगी झाली, नीना, आणि मग तो चित्रांतल्या केसांच्या बटांत, बाह्यांच्या चुण्यांत तिचं नाव लपवत राहिला. लोक शोधून शोधून हैराण व्हायला लागले तेव्हा त्याने सहीशेजारी आकडा टाकायला सुरुवात केली: या चित्रात नाव इतक्या वेळा आहे. मला हा आकडा फार आवडतो. ‘चार अक्षरी, अर्थ: संधी’ ही ओळ म्हणजे तसाच आकडा आहे. रचणाऱ्याने दिलेली ती मदत असते, आणि सोडवणारे ती सगळ्यात कमी वाचतात. कोड्याला हात लावण्याआधी ती वाचा आणि सापडल्यावर पुन्हा वाचा.

अर्थावरून नुसता अंदाज बांधायचा का, हेही तुम्ही विचारलंय. संधीला चार अक्षरी शब्द सुचतील तेवढे लिहायचे आणि चौकटीत खुणा शोधायच्या. चालतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९८१ पासून दरवर्षी मिस्टरी हंट होते, त्यात एकेका कोड्याच्या उत्तरांतून मोठं कोडं सुटतं, आणि मुरलेले गट उलट्या दिशेने अंदाज बांधून वेळ वाचवतात. स्पर्धेत मीही करेन. घरी एकटी सोडवताना करत नाही, कारण मग केसरचं कारण कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय मला झोप येत नाही.

अडलात तर कोडं मिटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त शीर्षक आणि तुमच्या पेन्सिलीच्या खुणा बघा, भरलेली चौकट नको. माझी अर्धी उत्तरं भांडी विसळताना सुचली आहेत.

सरावाला एक छोटं देते, दोनच शब्दांचं. शीर्षक: ‘दोन पिढ्या सोडून’. चौकटीतले शब्द: तंबूभोवतीचा कापडी आडोसा, म्हणजे कनात, आणि मरेपर्यंत, म्हणजे आजीवन. लपलेलं उत्तर तीन अक्षरी, कवी करतो ते.