पाडलेल्या इमारतीचे मजले किती?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ ज्या शहरात वाढलो, त्याचा जुना मध्यभाग पुनर्विकासात पाडला गेला. चौकातल्या घड्याळाच्या इमारतीला तीन मजले होते असे मला आठवते. धाकटा भाऊ दोनच म्हणतो. छायाचित्र कोणाकडेच नाही. अशा आठवणी लिहून ठेवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ निश्चित आहे, मात्र एकत्र बसून लिहू नये. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर चौकाचा नकाशा काढावा आणि तो पुरा होईपर्यंत एकमेकांना दाखवू नये, कारण एकाने ठासून सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला काही दिवसांनी स्वतःचीच आठवण वाटू लागते. सुरुवातही मजल्यांपासून करू नये. लहानपणी इमारत खालून पाहिलेली असते, त्यामुळे ती आठवणीत उंच होते. उलट हातापायांना लागलेल्या गोष्टी, जसे की मधोमध झिजून खोलगट झालेली पायरी किंवा हात फिरून गुळगुळीत झालेला कठडा, यांवर मी अधिक भरवसा ठेवीन. वर पोहोचेपर्यंत जिना किती वेळा वळत असे, एवढे आठवले तरी तुमचा वाद बराचसा मिटेल.

छायाचित्र नाही, असेही इतक्यात म्हणू नये. मुद्दाम इमारतीचे छायाचित्र क्वचितच कोणी काढतो, पण नव्या मोटारीच्या किंवा मिरवणुकीच्या छायाचित्रात ती मागे उभी असते. काही देशांत अग्निविम्यासाठी काढलेले नकाशेही उपयोगी पडतात. अमेरिकेत सॅनबोर्न कंपनीने १८६७ पासून काढलेल्या अशा नकाशांत इमारतीचे मजले आणि बांधकामाचे साहित्य नोंदलेले आढळते.

पुराव्यालाही चूक चिकटलेली असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली वॉर्सातील जुनी वस्ती पुन्हा उभारताना बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातील चित्रकाराच्या चित्रांचा आधार घेतला गेला. त्याने काही तपशील स्वतःच्या मर्जीने रंगवले होते, आणि तेही दगडविटांत उतरले. ही वस्ती युनेस्कोने १९८० साली जागतिक वारशाच्या यादीत घेतली. म्हणून तुमच्या वहीत दोन्ही भावांचे मजले राहू द्यावेत, फक्त कोणाचे कोणते ते स्पष्ट लिहावे.

पाडलेली इमारत पुरतीच नाहीशी होते असेही नाही. लंडनच्या यूस्टन स्थानकापुढची कमान १९६१-६२ मध्ये पाडली गेली. तिचे बरेच दगड १९९४ साली पूर्व लंडनमधील एका जलमार्गाच्या तळाशी सापडले. दारे, कठडे, घड्याळे तर बहुधा विकलीच जातात, तेव्हा पाडकामाचा ठेका घेतलेल्यांकडे विचारून पाहावे. त्याआधी आणखी एका माणसाचा शोध घ्यावा : मनोऱ्यावरच्या जुन्या घड्याळांना ठरलेल्या दिवशी वर चढून किल्ली द्यावी लागत असे. ते काम करणारा, किंवा त्याच्या घरचे कोणी भेटले, तर जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजून मिळतील.