घरातून चॉकलेट-मिठाईचा धंदा करून खरंच मोठं होता येतं का? नोकरी सोडावी का?

तुम्ही ठाण्यात कोलशेतला राहता, नोकरी सांभाळून हौसेने चॉकलेटं आणि नारळाच्या वड्या करता, आणि खाणारा प्रत्येक जण 'विकायला काढ' म्हणतो. तुमचे प्रश्न दोन: घरच्या ओट्यावरून सुरुवात करून मोठ्या झालेल्या बायका खरंच आहेत का, आणि नोकरी सोडावी का. मी नौपाड्यात राहते. वर्षभर वड्या, आलेपाक, चिक्की आणि संक्रांतीला काटेरी हलवा, हलव्याचे दागिने करून विकते, म्हणून लिहिते आहे.

अशा बायका आहेत. लुधियानाच्या रजनी बेक्टर यांनी १९७८ मध्ये वीस हजार रुपये घालून घरीच आइस्क्रीम करायला घेतलं, मग बिस्किटं. तेच पुढे 'क्रेमिका' झालं, मॅकडोनाल्ड्सला बन पुरवू लागलं आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर 'थिओब्रोमा'. कायनाझ मेसमन यांनी २००४ मध्ये कुलाब्यात पहिलं दुकान काढलं, पण त्याआधी कितीतरी वर्षं त्यांच्या आई, कमल मेसमन, घरून केक आणि गोड पदार्थ करून विकत होत्या. मुलीच्या दुकानामागे आईचा ओटा होता.

या गोष्टी 'आवड जपली आणि धंदा झाला' अशा सांगितल्या जातात, ते मला पटत नाही. आवड तर आपल्या प्रत्येक सोसायटीत चार जणींना असते. फरक पडतो तो बाईच्या वेळेला किंमत लावल्यावर. यासाठी मिठाई सोडून पापडाचं उदाहरण देते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन 'लिज्जत' सुरू केलं. तिथे पीठ केंद्रावर मळलं जातं, म्हणून चव सगळीकडे एक राहते. सभासद बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. आधी मजुरी, मग नफ्याची वाटणी. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट आणि वर सांगितलेल्या रजनी बेक्टर, दोघींनाही २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, याचा मला फार आनंद झाला होता.

आता माझ्या हलव्याचं सांगते, म्हणजे मजुरी म्हणजे काय ते कळेल. परातीत खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, खाली अगदी मंद आच. साखरेचा पाक चमचा-चमचा घालत बोटांनी सतत फिरवायचं. एक चमचा पुरता सुकला की मगच दुसरा. घाईने जास्त पाक पडला की दाणे एकमेकांना धरतात आणि सगळा घाणा वाया. मधूनमधून बोटं आणि परातीचा तळ ओल्या फडक्याने पुसत राहायचं. काटा फुलायला हवा गार आणि कोरडी लागते, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत, तेही रात्री नाहीतर पहाटे. बोटांच्या टोकांना चटके बसतातच. त्यानंतर दोऱ्यात एकेक दाणा गुंफून मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, जावयाचा हार, बोरन्हाणाचा मुकुट. प्रदर्शनात कुणीतरी विचारतंच, "साखरच तर आहे ना, मग एवढे पैसे?" साखर खरंच थोडी असते हो, बाकी सगळा हात असतो. हे मी न चिडता सांगते आणि किंमत कमी करत नाही.

तुमच्या वड्यांचा हिशोब असा मांडून बघा. समजा एका किलोला साहित्य ३५० रुपयांचं लागलं. खवणं, आटवणं, थापणं, डब्यात भरणं मिळून तीन तास, तासाचे १०० धरले तर ३००. गॅस, डबे, पोचवणं १००. म्हणजे वडी ७५० ला घरातच पडली, नफा अजून धरायचाच आहे. तीच तुम्ही ओळखीत ६०० ला देत असाल तर गिऱ्हाईक खूश राहतं, पण तुमची अर्धी मजुरी दर किलोमागे जाते. साखर, सुकामेवा वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारातल्या मसाला मार्केटमधून घाऊक आणलात तर साहित्याचा आकडा थोडा उतरतो. खरी गळती मात्र मजुरीतच असते.

चॉकलेटबद्दल एवढंच सांगेन की ठाण्याची हवा त्याला मानवत नाही. खऱ्या चॉकलेटातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा त्याच्या वर असतो. डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांवर वितळवून, २८ पर्यंत उतरवून, परत ३१-३२ वर आणावं लागतं, नाहीतर वर पांढुरके डाग येतात. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, त्याला हे सोपस्कार लागत नाहीत. कंपाउंड जरूर वापरा, फक्त घेणाऱ्याला तसं सांगा. ओल्या नारळाच्या वड्या फार टिकत नाहीत, त्या ऑर्डरपुरत्याच करा. प्रदर्शनात आलेपाक, चिक्की बरी, पण पावसाळ्यात हवाबंद डबा हवाच, साखर ओल लगेच धरते.

कागदपत्रांचं आताच करून टाका. एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याची नोंदणी ऑनलाइन होते, मिळालेला १४ आकडी क्रमांक डब्यावर छापायचा. सोबत घटक, वजन, तारखा आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. व्यावसायिक १९ किलोचा घ्या किंवा इंडक्शनवर करा. मशीन घ्यायची वेळ आली तर २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची चौकशी जिल्हा कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. तिच्यात बँकेच्या कर्जाला जोडून खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलेलं होतं, ती अजून चालू आहे का तेही विचारा.

आणि नोकरी? लगेच सोडू नका. एक दिवाळी आणि एक संक्रांत नोकरीत राहूनच काढा. पण त्यावरून ठरवू नका, सणाला सगळ्यांचंच खपतं. पुढचा जून-जुलै बघा, तेव्हा सण नसतो आणि नातेवाईकही घेत नाहीत. त्या दोन महिन्यांत अनोळखी गिऱ्हाइकं परत आली आणि मजुरी धरून पगाराच्या निम्मे जरी हातात राहिले, तर राजीनाम्याचं बोलणं घरात काढा.